सोन्याचा आयआरए, अकरा महिन्यांनंतर: कस्टोडियनची फी आणि जी फी पत्रकात नसते ती

जानेवारी २०२५ मध्ये मी जुन्या नोकरीच्या फोर-ओ-वन-केमधले (अमेरिकेत नोकरीतून मिळणारी निवृत्ती बचत योजना) ४०,००० डॉलर सोन्याच्या आयआरएमध्ये वळवले, म्हणजे स्वतःच्या अशा निवृत्ती खात्यात जिथे खरं सोनं ठेवता येतं. हे लिहितेय डिसेंबर २०२५ मध्ये. एडिसनमधल्या (न्यू जर्सी) आमच्या ग्रुपमध्ये "कुठला कस्टोडियन (हे खातं सांभाळणारी संस्था) स्वस्त?" हा प्रश्न दर पंधरवड्याला येतो आणि दर वेळी मी अर्धवट उत्तर देते, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

आधी पैसे कसे नेले ते सांगते, कारण तिथेच लोक फसतात. पैसे माझ्या हाताला लागलेच नाहीत, एका खात्यातून दुसऱ्यात परस्पर गेले. चेक स्वतःच्या नावावर मागितला असता तर जुन्या योजनेने २० टक्के कर आधीच कापून ठेवला असता. मग पूर्ण ४०,००० साठ दिवसांत नव्या खात्यात भरायचे म्हणजे कापलेले ८,००० स्वतःच्या खिशातून घालायचे. एवढी हौस कुणाला?

कस्टोडियन लागतोच का, हे आईने साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर विचारलं. "अगं, सोनं तुझं, पैसे तुझे, मग ते घरात का नाही?" तिचा प्रश्न अगदी बरोबर आहे. पण आयआरएमधलं सोनं बँकेच्या किंवा आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) मान्यता दिलेल्या ट्रस्टीच्याच ताब्यात राहावं लागतं. ऱ्होड आयलंडमधल्या एका जोडप्याने कंपनी काढून आयआरएची नाणी घरी ठेवली. २०२१ मध्ये टॅक्स कोर्टाने सांगितलं, हे खात्यातून काढल्यातच जमा, कर भरा. "घरच्या तिजोरीत आयआरए ठेवा" अशा जाहिराती रेडिओवर ऐकल्या की मला ते जोडपं आठवतं.

तर फी. तीन कस्टोडियनांची पत्रकं छापली आणि हायलायटर घेऊन डायनिंग टेबलापाशी बसले. पहिला वर्षाला ७५ डॉलर मागत होता, शिवाय तिजोरीचं भाडं म्हणून सोन्याच्या किमतीच्या अर्धा टक्का. दुसरा ८० अधिक भाडं १५०, दोन्ही ठरीव. तिसरा सगळं मिळून २७५. माझ्या ३७,७०० च्या सोन्याला पहिला साधारण २६४ ला पडत होता आणि दुसरा २३०. फरक ३४ डॉलरचा, म्हणजे दोघांचं एका वेळचं बाहेरचं जेवण. तरी मी दोन शनिवार त्यावर घालवले. दुसरा घेतला, का ते थोडं नशीब आणि थोडं गणित. टक्क्याची फी भावाबरोबर वाढते. ऑक्टोबरमध्ये सोन्याने औंसाला ४,००० डॉलर ओलांडले, त्या भावाने माझ्या सोन्याचे ५२,००० होतात, आणि पहिल्या कस्टोडियनचं बिल ३३५ वर गेलं असतं. तिजोरी तीच, कुलूप तेच, नाणी तेवढीच. भाव वाढला म्हणून भाडं का वाढावं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

उलट बाजूही सांगते. ठरीव फी लहान खात्याला खाते. १०,००० डॉलरच्या खात्यावर २३० म्हणजे २.३ टक्के, दर वर्षी, सोनं चढो की पडो. सोनं व्याज देत नाही, लाभांश देत नाही, ती फी सोन्यातूनच जाते. माझ्या धाकट्या जावेला १२,००० टाकायचे होते, तिला मी सरळ नको म्हणाले. नाकापेक्षा मोती जड.

पत्रकात ठळक अक्षरांत असतं ते वर्षाचं बिल. बारीक अक्षरांत बाकीचं. खातं उघडायचे ५०, खरेदीच्या व्यवहाराचे ४०, डीलरला, म्हणजे नाणी विकणाऱ्याला, बँकेतून पैसे पाठवायचे (वायर) ३०. पहिल्या वर्षी हे धरून ३५० झाले. झाले असते, म्हणायला हवं. भाड्याचं १५० चं बिल जुलैत ईमेलने आलं आणि स्पॅममध्ये पडलं. मला ही बिलं बाहेरून, माझ्या कार्डाने भरायची होती. वेगळं बिल येऊन आपण बाहेरून भरलेली फी आयआरएमधल्या वार्षिक भरण्यात धरत नाहीत आणि खात्यातले पैसेही जागेवर राहतात. तीस दिवस झाल्यावर त्यांनी खात्यातल्या रोख शिलकीतून १५० कापले, वर २५ उशिराचे. फोन लावला. चाळीस मिनिटं तीच पियानोची धून. मग एका मुलाने अतिशय गोड आवाजात सांगितलं की मॅडम, हे पत्रकाच्या चौथ्या पानावर आहे. होतं. मी चौथं पान छापलंच नव्हतं. २५ परत मिळाले नाहीत. ही माझी एकमेव तक्रार, आणि तीही अर्धी माझ्याच माथ्यावर.

पण मला खरं लिहायचंय ते वेगळंच. फेब्रुवारीत नाणी तिजोरीत जमा झाल्याचं पत्र आलं. एक औंसाची तेरा अमेरिकन ईगल. औंस ३१.१ ग्रॅमचा, म्हणजे आपल्या हल्लीच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने चाळीस तोळे सोनं, माझ्या नावावर, विल्मिंग्टनच्या तिजोरीत. मी कॅल्क्युलेटर घेतला. खरेदीच्या दिवशी बाजारभाव औंसाला २,७५० होता. मी डीलरला नाण्यामागे २,९०० दिले होते. दीडशे गुणिले तेरा, १,९५०.

मी ३४ डॉलरसाठी दोन शनिवार घालवले होते आणि १,९५० एका फोनवर, पाच मिनिटांत, "ओके, साउंड्स गुड" म्हणून देऊन टाकले होते.

ते पैसे कस्टोडियनने घेतलेले नाहीत. त्याचा भावाशी संबंधच नसतो. आपण सांगू त्या डीलरला, सांगू तेवढी रक्कम तो पाठवतो आणि कागद ठेवतो. भाव वाजवी आहे का, हे बघणं त्याचं काम नाही. म्हणूनच त्याच्या पत्रकात हा आकडा कुठेच नसतो. सोनाराकडे आपण घडणावळ किती टक्के ते पहिलं विचारतो, पुण्यात लक्ष्मी रोडवर तर आई त्यावरून दुकान बदलते. इथे इंग्रजीत बोलायचं म्हटल्यावर माझी जीभ कुठे गेली, कोण जाणे. १,९५० म्हणजे माझ्या वर्षाच्या बिलाच्या साडेआठ पट.

आणि मी तशी स्वस्तातच सुटले. मी आधी ज्या डीलरशी बोलले होते त्याने "तीन वर्षं कस्टोडियनची फी आमच्याकडून" अशी ऑफर दिली होती. मोहात पाडणारी. तीन वर्षांचे माझे ६९० वाचले असते. पण तो साधी नाणी न देता प्रूफ (संग्राहकांसाठीची) नाणी गळ्यात मारत होता, चकचकीत, डबीसकट, प्रत्येकी ३,३००. तेवढ्या पैशांत तेरा नाही, अकरा नाणी आली असती. ६९० च्या बदल्यात दोन नाणी. फी माफ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: औंसामागे बाजारभावाच्या वर किती घेणार, आणि आज मी मोडायला आणलं तर किती देणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागा. नोव्हेंबरमध्ये मी माझ्या डीलरला मुद्दाम विचारलं, तो बाजारभावाच्या ६० डॉलर खाली घेतो म्हणाला. कस्टोडियनचे विक्रीचे ४० आणि खातं बंद करायचे १५० वेगळे.

नाण्यांबद्दल एक गंमत. ईगल २२ कॅरेटचं असतं. आयआरएसाठी सोनं ९९.५ टक्के शुद्ध हवं असा नियम आहे, पण ईगलला कायद्यातच सूट आहे. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगररँडही २२ कॅरेटच, ते मात्र चालत नाही. २२ कॅरेट म्हटल्यावर आईला पहिल्यांदा हे सोनं खरं वाटलं.

वेगळ्या कप्प्याचं भाडं १५०, सामायिक साठ्याचं १००. मी वेगळा कप्पा घेतला, कारण नवरा म्हणाला, आपलीच नाणी आपल्याला परत मिळायला हवीत. आजीच्या पाटल्या असत्या तर मीही हेच म्हटलं असतं. पण ही टांकसाळीतली नाणी आहेत. एक ईगल दुसऱ्यासारखंच. त्या भावनेचे वर्षाला ५० डॉलर जातात.

ईटीएफ (शेअर बाजारात विकत मिळणारा सोन्याचा फंड) का नाही, हे ग्रुपमधला एक जण नक्की विचारेल, तर आधीच सांगते: निव्वळ खर्च बघितला तर ईटीएफच घ्या. साध्या आयआरएमध्ये अशा फंडांची वर्षाची फी: जीएलडी ०.४० टक्के, आयएयू ०.२५, जीएलडीएम ०.१०. माझ्या ५२,००० वर जीएलडीचे वर्षाला २०८ झाले असते, म्हणजे माझ्या २३० च्या जवळपास. पण जीएलडीएमचे फक्त ५२, आणि घेताना ते १,९५० गेलेच नसते. मी नाणी घेतली ती एका कारणासाठी. साडेएकोणसाठ पूर्ण झाल्यावर दंड न भरता ती नाणी म्हणूनच घरी मागवता येतात. त्या दिवशीच्या किमतीवर साध्या उत्पन्नासारखा कर लागतो आणि पाठवणीचा, विम्याचा खर्च वेगळा, हे ठाऊक आहे. मुलीला द्यायची आहेत. ज्यांना शेवटी डॉलरच हवेत त्यांनी या भानगडीत पडूच नये.

७५ व्या वर्षापासून (माझ्यासारख्या १९६० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना) दर वर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते, आणि नाण्याचा तुकडा पाडता येत नाही. पण ती रक्कम दुसऱ्या पारंपरिक आयआरएमधूनही काढता येते, म्हणून माझा साधा आयआरए मी बंद केलेला नाही.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला चौरंगावर काय ठेवायचं हा प्रश्न होता. नवऱ्याने कस्टोडियनचं स्टेटमेंट छापून ठेवलं, त्यावर हळदकुंकू. आईने कॉलवर बघितलं आणि म्हणाली, कागदाला वास येत नाही, वजन नाही, पण ठेव, ठेव. मुलीने मात्र स्टेटमेंटच्या तळाशी बोट ठेवून विचारलं, "आई, हे लेट फी काय आहे?"

आता जानेवारीपासून सामायिक साठ्यात जायचं ठरवलंय. अर्ज मागवला, या खेपेला चारही पानं छापली. कप्पा बदलायची फी २५ डॉलर आहे. तरी पहिल्याच वर्षी २५ वाचतात. सही करून पाठवलाय, आणि बिलाची तारीख फ्रिजवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवलीय.