जुन्या गिऱ्हाइकाची दहा जीबी: एकाच होस्टिंगवर अठ्ठावीस महिने

आमचा धंदा पन्हेरीचा, म्हणजे कलमांच्या रोपवाटिकेचा. वरूड तालुक्यात, शेंदुरजना घाटाच्या अंगाला. जंबेरी लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मूळझाडावर, डोळा बांधलेली संत्र्याची कलमं, थोडी रंगपूर लाईमवरची. एप्रिलपासून चौकशीचे फोन सुरू होतात आणि पहिला पाऊस पडला की जून-जुलैत सगळं गिऱ्हाईक एकदमच अंगावर येतं. पांढुर्णा, छिंदवाडा, थेट राजस्थानातल्या झालावाडपर्यंतचे लोक असतात. प्रत्येकाला आधी कलमाचा फोटो पाहिजे, खुंट कोणता ते पाहिजे, भाव पाहिजे. दिवसभर तेच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून अंगठा दुखायला लागला, तेव्हा चुलतभावानं वर्डप्रेसवर साइट करून दिली.

होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवरची भाड्याची जागा, घेतलं मार्च 2023 मध्ये, दोन वर्षांचं. महिना 149 रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे एकरकमी सव्वाचार हजाराला चार पैसे कमी. त्यात 10 जीबी एसएसडी डिस्क, एक लाख आयनोड (फायलींची मर्यादा, पुढं सांगतो), दहा ईमेल खाती. कंपनीचं नाव लिहीत नाही. नव्या गिऱ्हाइकाला मोठं माप आणि जुन्याला जुनंच, ही खोड तिची एकटीची नाही, आणि मी आजही तिच्याकडेच आहे.

पहिले सात-आठ महिने तक्रारीला जागाच नव्हती. सीपॅनेल (साइट सांभाळायचं पान) बरं होतं, एसएसएल (साइटच्या कुलपाचं प्रमाणपत्र) फुकट होतं आणि दर तीन महिन्यांनी आपोआप नवं होत होतं. सपोर्टवाले चॅटवर हिंदीत बोलले तर पाच मिनिटांत उत्तर द्यायचे, इंग्रजीत बोललं तर दहा. का ते माहीत नाही.

दिवाळीत, म्हणजे नोव्हेंबर 2023 मध्ये, मावसभावाच्या कृषी केंद्रासाठी साइट काढायची म्हणून त्याच कंपनीचं पान उघडलं. माझ्याच प्लॅनचं नाव, महिन्याला दहा रुपये जास्त, आणि आत 25 जीबी एनव्हीएमई (आणखी वेगवान डिस्क), दोन लाख आयनोड, दुप्पट मेमरी. मला वाटलं, आपल्यालाही मिळालं असेल. सीपॅनेल उघडून उजवीकडची पट्टी पाहिली. दहा जीबीच. चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, ‘सर, ये न्यू ऑर्डर्स के लिए है.’ मग माझं काय? ‘आपका प्लॅन लेगसी है.’ आठ महिन्यांत मी लेगसी, म्हणजे जुनापुराणा, झालो.

तेव्हा फार मनावर घेतलं नाही. दहा जीबीतली साडेतीनसुद्धा भरली नव्हती. जागा कमी पडणाऱ्यातला मी नव्हतोच. खरी गोष्ट पुढच्या जूनमध्ये कळली.

जून 2024. पाऊस चांगला पडला होता, मी सकाळी नव्या वाफ्याचे फोटो टाकले आणि दुवा तीन-चार ग्रुपांवर पाठवला. अर्ध्या तासात पांढुर्ण्याच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन. ‘भाऊ, काही दिसूनच नाही राहिलं. नुसतं इंग्रजीत काहीतरी लिहून येते.’ मी उघडलं तर पांढऱ्या पानावर 508, रिसोर्स लिमिट इज रीच्ड. पान पुन्हा उघडलं की कधी साइट यायची, कधी 508. दुपारपर्यंत हाच खेळ.

हा आकडा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शेअर्ड होस्टिंगमध्ये एका मशीनवर शेकडो खाती असतात. एकानं सगळं खाऊ नये म्हणून क्लाउडलिनक्ससारख्या प्रणालीतून प्रत्येक खात्याला माप ठरवून देतात: सीपीयू किती, मेमरी किती, आणि एका क्षणी किती विनंत्यांचं काम चालू राहू शकतं. या शेवटच्या मापाला एन्ट्री प्रोसेस म्हणतात. माझ्या प्लॅनला ती होती 10. दहा माणसं असा याचा अर्थ नव्हे. पान लवकर तयार झालं तर दहांत शंभर जण निभतात, पान रेंगाळलं तर अकराव्याला 508. सीपॅनेलमध्ये रिसोर्स युसेज नावाचं पान आहे, तिथं त्या दिवसाचा आलेख पाहिला. दहाच्या रेषेला डोकं आपटून आपटून सपाट झालेला. डिस्क मात्र 3.4 जीबी, निवांत.

त्याच आलेखात रात्री दोन वाजताही टेकड्या होत्या. रात्री दोनला संत्रा कोण पाहतं? लॉगिनच्या पानावर पासवर्ड आपटत बसलेले बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम. त्यांचाही हिशेब माझ्याच दहांत.

आयनोडचंही सांगतो, कारण पन्हेरीवाला काय, कापड दुकानदार काय, फोटो टाकणारा प्रत्येक जण यात अडकतो. आयनोड म्हणजे ढोबळमानानं फायलींची मोजणी. मोबाइलवरून एक मोठा फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या लहानमोठ्या सहा प्रती काढतं, एक आटोपशीर केलेली प्रत वेगळी आणि मूळ फोटो वेगळा. एका फोटोच्या आठ फायली, थीमच्या प्रती धरल्या तर आणखी. ईमेलमध्ये प्रत्येक पत्र एक फाईल. सव्वा वर्षात मी 71 हजारांवर गेलो होतो. जागा एकतृतीयांश आणि फायली पाऊण. म्हणून जाहिरातीतल्या जीबीवर जाऊ नका. जीबी वाढवून द्यायला कंपनीला फारसा खर्च पडत नाही, कारण बहुतेकांची दोन-तीनच्या वर भरत नाही. मेमरी आणि प्रोसेस वाढवून द्यायला मात्र खरंच पडतो, कारण ती सगळ्यांना एकाच वेळी लागू शकते.

त्या रात्री जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे भाकर मोडली आणि म्हणाले, ‘दोन वर्षाआधी कोनी जंबेरीवरचं कलम नेलं, आन आता आपलं कलम अजून चांगलं निंगून राहिलं, तं तो बदलून मांगायले आला तर तू देशीन का?’

मी गप्प झालो. नाही देणार. जे ठरलं ते दिलं, त्याचे पैसे घेतले, विषय संपला. कंपनीही तेच म्हणते, आणि मुदतीच्या मध्यापुरतं तिचं म्हणणं मला आजही पटतं. दुसरंही एक तिच्या बाजूनं: डिस्क स्वस्त झाली म्हणजे सगळंच स्वस्त झालं असं नाही. 2019 मध्ये सीपॅनेलनं आपली आकारणी खात्यांच्या संख्येवर नेली, तेव्हापासून माझ्यासारख्या प्रत्येक लहान खात्यामागे कंपनीला भुर्दंड आहे.

पण कलम आपण विकतो आणि होस्टिंग भाड्यानं असतं, हे मला दोन दिवसांनी वाफ्यात पाणी देताना सुचलं. अमरावतीला शिकायला होतो तेव्हा आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. मालकानं बाजूच्या रिकाम्या खोलीत कूलर बसवला आणि तेवढ्याच भाड्यात नवीन पोरं ठेवली. आम्ही जुने, मे महिन्यात टॉवेल ओला करून झोपायचो. करार मोडला का? नाही. पण वर्ष संपल्यावर भाडं वाढवून मागायला तो आला, तेव्हा आमचं तोंड पाहण्यासारखं झालं असेल.

माझ्याकडेही नेमकं तेच आलं. फेब्रुवारी 2025 मध्ये नूतनीकरणाचं बिल: महिना 279 रुपये, दोन वर्षांचे जीएसटीसह 7,901. आणि मिळणार काय, तर तीच दहा जीबी, त्याच दहा प्रोसेस. त्याच दिवशी नवीन गिऱ्हाइकाला अडीचपट जागा 159 नं, म्हणजे साडेचार हजारांत. पहिल्या खेपेची सवलत पुढं राहत नाही हे मला कळतं, सगळीकडे तसंच आहे. पण जास्त पैसे घेऊन जुनं माप? आम्ही शंभर कलमांवर पाच वर देतो, मर निघते म्हणून. दुसऱ्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला सात देतो. त्याला पंचाण्णव मोजून दिली तर तो पुढच्या पन्हेरीवर जाईल, आणि जावंच.

जीमेल 2004 मध्ये निघालं तेव्हा एक जीबी होतं. वर्षभरात दोन झालं आणि पुढं वाढतच गेलं. जुन्यांना कुणी नवीन खातं काढायला सांगितलं नाही. ते फुकट आहे, त्यांचा हिशेब वेगळा, मान्य. पण वाढीव माप आपोआप लागू करणं जमतच नाही, असं मला सांगू नका.

मी चॅट सोडून बिलिंगला तिकीट, म्हणजे लेखी तक्रार, टाकलं. मोजकं लिहिलं: 279 देतो, पण नवीन प्लॅनचं माप द्या; नाहीतर बॅकअप घेऊन निघतो. दुसऱ्या दिवशी उत्तर, ‘वन टाइम कर्टसी’ म्हणून नवीन सर्व्हरवर हलवू, दर 199. जीएसटीसह 5,636 भरले. म्हणजे करता येत होतं. फक्त मागावं लागत होतं.

हलवाहलवी मात्र सुखाची झाली नाही, आणि म्हणूनच माझं मत असं की वाढीव माप द्यावं, पण न विचारता सर्व्हर बदलू नये. जुन्या ठिकाणी माझी साइट पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं तिच्या, 7.4 आवृत्तीवर होती (त्याचा सुरक्षा आधार नोव्हेंबर 2022 मध्येच संपलेला, चूक माझीच), नवीन ठिकाणी 8.2. चौकशीच्या फॉर्मचं जुनं प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) पहिल्याच दिवशी बंद पडलं. चुलतभाऊ लग्नाला गेलेला, मग मीच ते काढून दुसरं टाकलं. सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, बदलला, पण डोमेन, म्हणजे साइटचं नाव, दुसरीकडून घेतलेलं, तिथली नोंद मला हातानं बदलायची होती हे कुणी सांगितलं नाही. दोन दिवस पत्रं जुन्या सर्व्हरवरच पडत राहिली. त्यात झालावाडच्या एकाची पाचशे कलमांची मागणी होती. पुन्हा तिकीट टाकल्यावर त्यांनी पेटी परत कॉपी करून दिली, ऑर्डर वाचली.

आता चार महिने नवीन मापावर. एन्ट्री प्रोसेस 20. या जूनमध्ये सगळ्यात वर गेलेला आकडा 13, म्हणजे जुन्या मापात पुन्हा आपटलोच असतो. 508 एकदाही नाही. सगळं श्रेय मापाला देत नाही: नवीन सर्व्हर लाइटस्पीड नावाच्या सॉफ्टवेअरवर आहे, त्याचं कॅशचं (तयार पानं जपून ठेवणारं) प्लगिन लावल्यावर बहुतेक पानं पीएचपीला न उठवता जातात. लॉगिनच्या पानावर बॉटांना अडवणाराही बसवला. जुन्या सर्व्हरवर अपाची हे दुसरं सॉफ्टवेअर होतं, तिथं ते कॅश चालतच नव्हतं.

पाचपैकी साडेतीन. सर्व्हर चारचा, सपोर्ट चारचा, जुन्या गिऱ्हाइकाशी वागणूक अडीचची. घेणार असाल तर पैसे भरण्याआधी चॅटवर एवढंच लेखी विचारा: हाच प्लॅन उद्या मोठा झाला तर नूतनीकरणाला मला कोणतं माप मिळेल? उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. आणि जीबी सोडून एन्ट्री प्रोसेस किती ते विचारा, पानावर बहुतेक वेळा ती लिहिलेली नसते.

माझा साळाही याच कंपनीचा गिऱ्हाईक, माझ्या आधीपासूनचा. तो अजून दहा जीबीवरच आहे आणि गेल्या महिन्यात पूर्ण दरानं नूतनीकरण करून बसला. त्याच्या नावानं तिकीट लिहून ठेवलंय. तो वाफ्यातलं तण काढून संध्याकाळी आला की ओटीपी घेऊन टाकतो.