सेंट्रिंग न खोलायचा पाया : आयसीएफ ब्लॉकची तीन तळघरं

परवा तिसऱ्या घराच्या तळघराच्या भिंती भरून झाल्या, म्हणून आता लिहायला बसलोय. मी कॅनडात, ओंटारियोतल्या किचनरच्या आसपास घरं बांधतो. मूळ काम फ्रेमिंगचं, म्हणजे लाकडी सांगाड्याचं. पाया नऊ वर्षं बाहेरच्या फॉर्मिंग पार्टीकडून, म्हणजे साचे (फॉर्म) उभे करून काँक्रीटच्या भिंती ओतणाऱ्या टोळीकडून, करून घेत होतो. गेल्या वर्षापासून तो आम्ही स्वतः करतो, आयसीएफ (इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्म) ब्लॉक, म्हणजे थर्माकोलचे पोकळ साचे, वापरून. इथले बांधकामातले मराठी मित्र विचारतात, ‘हे काम अंगावर घ्यावं का?’ घर बांधून घेणारे विचारतात, ‘थर्माकोलचा पाया टिकतो का?’ दोघांनाही एकदमच सांगतो. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण माझं म्हणणं बहुतेक सगळ्याच ब्लॉकना लागू आहे.

ब्लॉक म्हणजे थर्माकोलच्या दोन पाट्या, प्रत्येकी अडीच इंचांहून जराशी जाड, आणि त्यांना जोडणारे प्लास्टिकचे टाय, दर ८ इंचांवर एक. आम्ही वापरतो तो ४ फूट लांब, १६ इंच उंच, मधली पोकळी ८ इंच. वरच्या कडेला दाते असतात, त्यावर पुढचा थर दाबला की बसतो. टायला सळईसाठी खाचा असतात, आडवी सळई त्यात अडकवायची. सगळी भिंत रचून झाली की पोकळीत काँक्रीट भरायचं. साचा तिथेच राहतो आणि पुढे तोच घराची ऊब धरून ठेवतो. थर्माकोलच्या ब्लॉकची कल्पना इथलीच. वेर्नर ग्रेगोरी नावाच्या कॅनडियन कंत्राटदाराने १९६० च्या दशकात असा ब्लॉक काढला, आणि त्याचंही माप ४८ बाय १६ इंचच होतं.

माझे वडील, आण्णा, कराडला सेंट्रिंगची, म्हणजे काँक्रीटसाठी तात्पुरते साचे बांधायची, कामं घ्यायचे. शाळेच्या सुट्टीत फळ्यांना जळकं ऑइल लावायचं काम माझ्याकडे असायचं, त्याचा वास अजून आठवतो. पहिल्या घराची भिंत मी आण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. बराच वेळ नुसतं बघत राहिले.

“अरे, पण हे खोलायचं कधी?”

“खोलायचंच नाही आण्णा. हे असंच राहतं.”

“पाणी कसं मारणार मग?”

“मारावं लागत नाही. दोन्ही बाजूंनी थर्माकोल, आतला ओलावा बाहेर जातच नाही.”

परत गप्प झाले. मग म्हणाले, “आणि आत पोळं पडलं तर तुला दिसणार कसं?”

एवढ्या कंपन्यांची माहितीपत्रकं वाचली, एक दिवसाचा कोर्स केला, पण या पद्धतीचा खरा प्रश्न मला आण्णांनी विचारला. सेंट्रिंग खोलली की भिंत आपल्याला तोंड दाखवते. कुठे खडी उघडी पडलीय, कुठे पोकळी राहिलीय (यालाच पोळं म्हणतात), लगेच कळतं. इथे भिंत कायमची झाकलेली. म्हणून या कामात भरण्याचे ते तीन-चार तासच सगळं ठरवतात. ब्लॉक रचायला कोणीही हुशार बिगारी दोन दिवसांत शिकतो. भरणं शिकायला मला दोन घरं लागली.

पहिलं घर फर्गस गावाजवळचं. परिघ १५२ फूट, सात थर, म्हणजे उंची ९ फूट ४ इंच. ब्लॉक लागले २६६ च्या आसपास, काँक्रीट २६ घनमीटरच्या वर, चार गाड्या. भिंत ओळंब्यात राहावी म्हणून आतल्या बाजूने उभ्या लोखंडी ब्रेस लावतात, त्यांना खाली फिरवायचा स्क्रू असतो आणि वर चालायला फळी. आम्ही दर ६ फुटांवर एक असा हिशेब करून २६ ब्रेस भाड्याने सांगितल्या. आल्या २२. पुरवठादार म्हणाला, उरलेल्या उद्या देतो. पंप आणि गाड्या त्याच दिवसाच्या ठरलेल्या. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही, मागच्या भिंतीला ब्रेस विरळ लावून काम सुरू केलं.

दुसऱ्या फेरीत, गॅरेजच्या कोपऱ्याजवळ, आधी एक बारीक कर्रर्र आवाज आला. तिथे आम्ही मापासाठी ब्लॉक कापले होते, आणि तिन्ही थरांत काप एकावर एक आले होते. साधी वीट रचतानाही आपण सांध्यावर सांधा येऊ देत नाही, आणि इथे आमच्या हातून ते झालं. ताज्या काँक्रीटची ४ फूट उंची धरली तर तळाला चौरस मीटरला जवळजवळ ३ टन दाब येतो. त्या जागी थर्माकोलने आधी पोट काढलं, मग परातीएवढा तुकडा सुटला आणि काँक्रीट खंदकात वाहायला लागलं. पंपवाल्याला हातानेच थांबायची खूण केली. माझ्या पंजाबी पार्टनरने खांद्याने भिंत दाबून धरली, मी प्लायवूड कापायला धावलो. सुटलेला भाग खरवडून काढला, प्लायवूड शेजारच्या टायमध्ये स्क्रूने आवळलं, मागून खंदकाच्या काठाला टेकू दिला. वीस मिनिटं गेली. तोवर बाकीची भिंत तशीच उभी राहिली, एवढं मात्र या ब्लॉकचं कौतुक करावं लागेल.

आता भरायच्या दिवशी दोन फूट बाय दोन फूट प्लायवूडचे सहा तुकडे, स्क्रू आणि ड्रिल आधीच फळीवर ठेवलेले असतात. कापलेल्या प्रत्येक सांध्याला बाहेरून लाकडी पट्टी मारतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या घराला त्या तुकड्यांना हात लावावा लागला नाही.

विरळ ब्रेसची किंमत मागच्या भिंतीने वेगळी वसूल केली. दुसऱ्या दिवशी सूत लावलं तर भिंत वर पाऊण इंच बाहेर गेलेली. काँक्रीट ओलं असताना, पहिल्या तासाभरात, ब्रेसचा स्क्रू फिरवून ती ओळंब्यात आणता येते. ब्रेसच नसेल तर फिरवणार काय? फ्रेमिंगही आमचंच असल्यामुळे वरच्या लाकडात जुळवून घेतलं. दुसऱ्याचं फ्रेमिंग असतं तर बोलणी खावी लागली असती, आणि ती रास्तच ठरली असती.

पोळ्याच्या प्रश्नावर आता आम्ही काय करतो ते सविस्तर सांगतो, कारण हे कोणी नीट सांगत नाही. काँक्रीटचा स्लंप (पातळपणाचं माप) ५ ते ६ इंच, खडी अर्ध्या इंचाची, आणि तो स्लंप प्लांटवरच रसायन घालून आणलेला. साइटवर गाडीवाल्याने पाण्याचा नळ सोडायचा नाही, हे मी त्याला उतरायच्या आधी सांगतो. पंपाच्या नळीचं तोंड ३ इंचांचं. एका फेरीत ३ फुटांच्या वर भरत नाही, पूर्ण घराला गोल फिरून यायचं, मग दुसरी फेरी. मागून माणूस बारीक मुंडीचा व्हायब्रेटर घेऊन चालतो, पटकन खाली सोडायचा, सावकाश वर काढायचा. सर्वांत धोक्याची जागा म्हणजे खिडकीखाली. तिथे काँक्रीट दोन्ही बाजूंनी वाहत येतं आणि मध्ये हवा अडकते. म्हणून खिडकीच्या चौकटीची खालची फळी आम्ही अखंड ठेवत नाही, मध्ये फट ठेवतो. त्यातून व्हायब्रेटरही जातो आणि काँक्रीट वर आलेलं डोळ्यांनी दिसतं.

तिसऱ्या घराच्या मालकांना तरीही शंका होती. मग त्यांच्यासमोर दोन खिडक्यांखाली करवतीने वीतभर चौकोन कापून थर्माकोल काढला. आत राखाडी, गुळगुळीत, एकसंध काँक्रीट. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. मीही पाहिलं. दोन्ही चौकोन फोमने परत बंद केले आणि त्याचा फोटो आण्णांना पाठवला. खर्च शून्य, दहा मिनिटांचं काम. घर बांधून घेणाऱ्यांना सांगतो, तुमच्या कंत्राटदाराकडून हे करून घ्या. तो काचकूच करायला लागला तर जरूर करून घ्या.

आता ज्या कारणासाठी मी हे काम घेतलं ते. इथे जमीन गोठते, दक्षिण ओंटारियोत पाया निदान ४ फूट खाली न्यावाच लागतो, म्हणून एवढं खोदल्यावर लोक तळघरच करतात. फॉर्मिंग पार्टी मोठ्या वसाहतींच्या कामात अडकलेली, माझ्यासारख्या वर्षाला सात-आठ घरं करणाऱ्याला तीन-तीन आठवडे थांबवायची. खड्डा खोदून पाऊस बघत बसायचं. अल्युमिनियमचे फॉर्म स्वतः घ्यायचे तर क्रेनची गाडी हवी, ठेवायला आवार हवं. ब्लॉक मात्र एका ट्रकने येतात आणि चार माणसं हाताने उतरवतात.

थंडीत तर हा ब्लॉक सोन्यासारखा आहे. दुसरं घर जानेवारीत भरलं, पारा उणे ९. काँक्रीट आवळताना स्वतःची उष्णता सोडतं, ती थर्माकोल आतच धरून ठेवतो. वरची उघडी कड तेवढी उबदार ताडपत्रीने झाकली. फॉर्मच्या भिंतीला तिथे तंबू आणि हीटर लागले असते. पण फूटिंगला, म्हणजे भिंतीखालच्या काँक्रीटच्या पट्ट्याला, हा आधार नाही. गोठलेल्या जमिनीवर फूटिंग ओतायचं नसतं, त्यासाठी पेंढा, ताडपत्री, हीटर सगळं पूर्वीसारखंच करावं लागलं.

पैशांचं म्हणाल तर नुसती भिंत विरुद्ध नुसती भिंत असा कोटेशनचा कागद समोर ठेवला, तर आपण हरतो. ब्लॉक महाग, पंप महाग, ब्रेसचं भाडं वर. पण फॉर्मच्या भिंतीला नंतर आतून लाकडी चौकट, लोकर, प्लास्टिकचा पडदा हे सगळं करायचंच असतं. इथे आर-२२ च्या आसपास (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप) इन्सुलेशन भिंतीसोबतच आलं, आणि ड्रायवॉल (जिप्समची पाटी) थेट टायवर स्क्रू करता येतो. हे सगळं एकत्र मोजलं तेव्हा माझ्या तिन्ही घरांत हिशेब बरोबरीला आला. म्हणून मी कोटेशन ‘तयार, उबदार तळघर’ असंच देतो. एक मात्र मालकाला आधी सांगा. आतला थर्माकोल उघडा ठेवता येत नाही, आगीसाठी त्यावर अर्धा इंच ड्रायवॉल लागतोच. ‘तळघर पुढे कधीतरी करू’ म्हणणाऱ्याला हा खर्च आजच येतो.

बाहेरून डांबर फासायची जुनी सवय विसरा. सॉल्व्हंट असलेलं डांबर थर्माकोल खातं. एका तुकड्यावर लावून बघा, पाच मिनिटांत खड्डा पडतो. पाणी अडवणारा चिकटवायचा पडदा वापरायचा, त्यावर उठावाची प्लास्टिक शीट, तळाला वीपिंग टाइल, म्हणजे पाणी वाहून नेणारी भोकांची नळी. आणि वरचा फ्लोअर बसल्याशिवाय माती भरायची घाई नको, मालकाने कितीही तगादा लावला तरी.

सळईच्या बाबतीत अंदाजपंचे काही करू नका. कॅनडाच्या बिल्डिंग कोडच्या भाग ९ मध्ये १४०, १९० आणि २४० मिलिमीटर जाडीच्या आयसीएफ भिंतींसाठी कोष्टकं आहेत, बाहेर माती किती उंच येणार त्यावर सळई ठरते. आमचं तिसरं घर उतारावर, मागे माती जास्त, तिथे आम्ही इंजिनियरकडून शिक्का घेतला.

ज्याला एकसारखी चाळीस घरं ओळीने करायची आहेत त्याने फॉर्मच वापरावे. पुण्याचा मावसभाऊ विचारत होता, त्यालाही सांगितलं, तुमच्याकडे तळघर नाही, जमीन गोठत नाही, कशाला हा खर्च. ज्याची स्वतःची तीन-चार विश्वासू माणसं आहेत आणि जो भरायच्या दिवशी स्वतः फळीवर उभा राहणार आहे, त्याने जरूर घ्यावं. कंपनीचा कोर्स करा, पण त्याहून पहिल्या भरणीला त्यांचा तांत्रिक माणूस साइटवर यायला लावा. आमच्याकडे तो दुसऱ्या घराला आला आणि सबंध दिवस नळीच्या मागे-मागे चालला. तेवढ्या एका दिवसाने मला कोर्सपेक्षा जास्त शिकवलं.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो आण्णांच्या प्रश्नासाठी. भिंत न कापता आत बघायची सोय अजून कोणी दिलेली नाही.

चौथ्या घराची खोदाई सोमवारी सुरू होतेय, इथल्याच एलोरा गावाजवळ. परिघ १४० फूट, २४ ब्रेस लागतील. मी २६ सांगितल्या आहेत, आणि पंप बुक करायच्या आधी त्या आवारात मोजून घेणार आहे.