त्रुटीचं पत्र आलं: कागद शोधायचा, शपथेवर लिहायचं की पायरी उतरायची?

पाकीट साधंच असतं. आतलं पत्र पहिल्यांदा वाचताना एकच शब्द डोळ्यांत खुपतो: अपूर्ण. भरपाईचा दावा फेटाळलेला नसतो आणि मंजूरही झालेला नसतो. आपल्याकडच्या कचेरीच्या भाषेत सांगायचं तर 'त्रुटी काढली'. फरक एवढाच, की इथे त्रुटी रेशनकार्डाच्या अर्जात नसते, साठ वर्षांपूर्वी वर्गात काय झालं या उत्तरात असते.

मी लिहितोय ते कॅनडाबद्दल. तिथल्या मूलनिवासी मुलांना सरकारी आणि चर्चच्या शाळांमध्ये जे सोसावं लागलं, त्यावर सामूहिक दावे झाले आणि सरकारने भरपाई द्यायची अशा एकामागून एक तडजोडी झाल्या. मराठीत लिहायचं कारण म्हणजे तिकडे दवाखान्यात, बँकेत, वृद्धाश्रमात काम करणारी आपली माणसं कमी नाहीत. एखादी आजी असं पत्र घेऊन त्यांच्यापुढे येऊन बसते आणि विचारते, यात काय लिहू? 'जे असेल ते लिहून टाका' हा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण बऱ्याचदा तो चुकीचा असतो.

आधी नेमकं काय कमी आहे ते बघा. सही, तारीख, ओळखपत्राची प्रत राहिली असेल तर त्याच दिवशी जोडून पाठवा, विचार करण्यासारखं त्यात काही नाही. अडचण दोनच जागी येते. एक, त्या शाळेत होतो याचा पुरावा नाही. दोन, काय झालं याचं वर्णन अपुरं आहे. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात येतात म्हणून लोक त्यांना एकच उत्तर देतात. पहिलीला कागदाचं उत्तर चालतं, दुसरीला नाही.

शाळेत असल्याच्या पुराव्याचं आधी बघू. शाळांना अनुदान डोईगणिक मिळायचं, त्यामुळे मुलांच्या नावांची तिमाही पत्रकं राजधानी ओटावाला जायची. पैशासाठी केलेली ही नोंद आज दावेदाराच्या कामी येते. पण पत्रकं सगळी टिकलेली नाहीत, आणि नावं इंग्रजी कानाला ऐकू आली तशी लिहिलेली असतात. २००७ मध्ये लागू झालेल्या निवासी शाळांच्या तडजोडीत हे ओझं बरंचसं सरकारने उचललं होतं. शाळेत राहिल्याबद्दलच्या सरसकट रकमेसाठी, म्हणजे पहिल्या वर्षाचे १०,००० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे ३,००० डॉलर, सरकार स्वतः नोंदी धुंडाळायचं. १९५५ आणि १९५७ च्या पत्रकात नाव आहे आणि मधलं वर्ष गायब, तर मधल्या वर्षीही मूल तिथेच होतं असं धरत. तरी वर्षं कमी भरली तर फेरविचार मागता यायचा, त्यावर अपील होतं.

दिवसाच्या शाळांची तडजोड वेगळ्या साच्याची. मुलं संध्याकाळी घरी जायची म्हणून त्या शाळा पहिल्या तडजोडीत आल्याच नव्हत्या. फेडरल कोर्टाने ही दुसरी तडजोड २०१९ मध्ये मंजूर केली. शाळा सातशेच्या आसपास, छळ किती गंभीर त्यानुसार भरपाईच्या पातळ्या पाच: १०,०००, ५०,०००, १,००,०००, १,५०,००० आणि २,००,००० डॉलर. पहिल्या पातळीला कागदपत्रं लागत नव्हती. वरच्या पातळ्यांना स्वतःच्या शब्दांत हकीकत आणि असतील तर कागद, नसतील तर शपथेवर निवेदन. सुनावणी नाही, समोर बसून ऐकणारं कोणी नाही. अर्ज घेणं सुरू झालं १३ जानेवारी २०२० ला, आणि दोन महिन्यांत कोविडने कचेऱ्या बंद पाडल्या. ज्याच्यापुढे शपथ घ्यायची तोच दार बंद करून घरी बसलेला.

आता तीन वाटा शेजारी ठेवून बघू.

कागद शोधण्याची वाट सगळ्यांना भक्कम वाटते. हजेरीची नोंद मिळाली तर 'मी तिथे होतो' हा मुद्दा संपतो, हे खरं. पण कागद फक्त तेवढंच सांगतो. मारहाण तिमाही पत्रकात लिहिलेली नसते. जुन्या नोंदी जपणाऱ्या अभिलेखागाराकडून उत्तर यायला महिने लागतात आणि पत्रातली मुदत तेवढी थांबत नाही. माझं मत असं: शाळेचं नाव आणि वर्षं नीट आठवत असतील, तर नोंदीची मागणी टाकून ठेवा, पण तिच्यावर विसंबून बसू नका. कागद मागवल्याची पोच जोडून वेळ मागा.

शपथेवरच्या निवेदनाकडे लोक कमअस्सल म्हणून बघतात. आपल्याकडे स्टॅम्पपेपरवरच्या प्रतिज्ञापत्राची जी किंमत झाली आहे, ती मनात असते. इथे तसं नाही. कागद नसणारच हे धरूनच तडजोडीत ही सोय ठेवलेली आहे. निवेदन कमकुवत होतं ते मोघम लिहिल्याने. 'शिक्षक क्रूर होते, आम्हाला खूप त्रास दिला' यावर तपासणाऱ्याला पातळी ठरवताच येत नाही. समजा आजी म्हणते, चौथीत होते, नदीचं पाणी गोठलं होतं, शेगडीशेजारच्या बाकावर बसायचे, आमची भाषा बोलले म्हणून मोजपट्टी हाताच्या पाठीवर मारली, हे बोट तेव्हापासून वाकडं आहे. वर्ष तिला आठवत नाही. पण गोठलेली नदी, इयत्ता आणि बाक यांवरून वर्षाचा अंदाज लागतो, आणि बोट कोणत्याही डॉक्टरला दिसतं. नक्की तारीख लिहायच्या हट्टाने चुकीची तारीख लिहिण्यापेक्षा 'चौथीच्या हिवाळ्यात' हे शंभर पटींनी बरं. जागा पुरली नाही तर परीक्षेत जोडतो तशी पुरवणी जोडा, प्रत्येक पानावर नाव आणि दाव्याचा क्रमांक घालून.

तिसरी वाट सगळ्यात सोपी आणि माझ्या मते सगळ्यात महाग: पायरी उतरणं. तिसऱ्या पातळीचा दावा पहिलीवर आणला की वर्णन नको, शपथ नको, जुनी जखम उघडायला नको. दहा हजार घ्यायचे आणि मोकळं व्हायचं. थकलेल्या माणसाला हे पटतं आणि कधी कधी ते योग्यही असतं. झोप उडवणारी आठवण पैशासाठी परत जगायची नाही, हा निर्णय कोणाचाही असू शकतो, त्यात भित्रेपणा काही नाही. पण तो निर्णय असावा, पत्राला कंटाळून केलेली सुटका नसावी, कारण परतीचं दार बहुधा नसतं.

हे दिवसाच्या शाळांच्या बाबतीत कोर्टापर्यंत गेलं. माणूस अशा गोष्टी एका बैठकीत सांगत नाही. आधी 'ओरडायचे' म्हणतो, सहा महिन्यांनी 'मारायचे' म्हणतो, आणि खरं काय ते कदाचित त्यानंतर. अनेकांनी पहिल्या बैठकीत जेवढं तोंडून निघालं तेवढंच लिहून खालच्या पातळीचा दावा टाकला होता. मागाहून सुचलं तसं दावा वाढवू द्या, ही मागणी फेडरल कोर्टाने मान्य केली नाही. तडजोडीच्या मसुद्यात तशी तरतूद नाही, हे कारण. २०२४ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. कायद्याच्या चौकटीत ते बरोबर असेल. मला खटकतं ते हे, की ज्यांनी मसुदा लिहिला त्यांच्यापुढे निवासी शाळांचा अनुभव होता.

त्या अनुभवात सुनावणी होती. गंभीर छळाच्या दाव्यांसाठी निवासी शाळांच्या तडजोडीत स्वतंत्र निवाडा अधिकारी बसायचा. प्रश्न तोच विचारायचा, सरकारच्या वकिलाची उलटतपासणी नाही. शेजारी आधाराला माणूस, हवं असेल तर जमातीतलं वडीलधारं माणूस, शपथ गरुडाच्या पिसावर घेता यायची. अर्जात जे अपुरं होतं ते बोलताना भरून निघायचं. अडतीस हजारांवर दावे आले आणि तीन अब्ज डॉलरांहून जास्त रक्कम वाटली गेली. किंमतही होती: अनोळखी माणसापुढे सगळं बोलायचं. कागदी पद्धत हे टाळण्यासाठीच आणली. म्हणून 'सुनावणी चांगली, कागद वाईट' असं मी म्हणणार नाही. बोलता येतं पण लिहिता येत नाही अशा माणसाला सुनावणी बरी. लिहायला वेळ मिळाला तर नीट लिहिणारा, पण चारचौघांत घसा दाटणारा, त्याला कागद बरा.

अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा स्त्रीरोगतज्ज्ञ जॉर्ज टिंडल याच्यावरच्या लैंगिक छळाच्या आरोपांतून झालेल्या तडजोडीत लेखी हकीकत आणि मुलाखत दोन्ही ठेवले होते. एकूण २१.५ कोटी डॉलर, त्यात २,५०० डॉलर सगळ्यांना, लेखी हकीकत दिली तर २०,००० पर्यंत, मुलाखत दिली तर २,५०,००० पर्यंत. किती उघडं व्हायचं ते जिचं तिने ठरवायचं.

वकिलाबद्दल थोडक्यात. दिवसाच्या शाळांच्या दाव्यात सामूहिक दाव्याचे वकील फॉर्मसाठी मदत करायचे, दावेदाराकडून पैसे घ्यायचे नाहीत. निवासी शाळांच्या सुनावणीत सरकार मंजूर रकमेवर १५ टक्के वरून द्यायचं आणि एकूण फी ३० टक्क्यांपुढे नेता यायची नाही. तेव्हा 'चाळीस टक्के द्या, मी बघतो' म्हणणाऱ्याला आधी मसुद्यातलं फीचं कलम दाखवायला सांगा.

हे सगळं इतिहास म्हणून सांगत नाही. दिवसाच्या शाळांची मुदत जुलै २०२२ ला संपली, वाढीव मुदतही जानेवारी २०२३ ला गेली. पण शिक्षणासाठी सरकारने परक्यांच्या घरी ठेवलेल्या मूलनिवासी मुलांची तडजोड २०२३ मध्ये मंजूर झाली आणि तिचे दावे फेब्रुवारी २०२७ पर्यंत घेतले जाणार आहेत. तिथेही दोन भाग: ठेवलं गेलं एवढ्यासाठी १०,०००, आणि छळासाठी २,००,००० डॉलरपर्यंत. त्रुटीचं पत्र आलेली आजी उद्या समोर बसली तर मी पहिल्या भागाची त्रुटी त्याच दिवशी पुरी करीन. दुसऱ्या भागाचा रकाना मात्र तिच्यापुढे पेन न ठेवता नुसता वाचून दाखवीन, मुदतीची तारीख कॅलेंडरवर गोल करून देईन आणि विचारीन, पुढच्या आठवड्यात येता का, लेकीला घेऊन?