कायमच्या वास्तव्यासाठी जुने मोटरहोम: कोल्हापूरच्या एका पावसाळ्यानंतरचे परीक्षण

मी शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही उभयतांनी भाड्याचे घर सोडले आणि मिनीबसच्या चासीवर बांधलेले, आठ वर्षे वापरलेले मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेले वाहन, विकत घेतले. मार्चमध्ये व्यवहार झाला आणि जूनपासून आम्ही त्यातच राहतो आहोत. सुटीपुरते वापरायचे वाहन आणि बारा महिने राहायचे घर या दोहोंच्या कसोट्या किती वेगळ्या असतात हे कोल्हापूरच्या पावसाने आम्हाला शिकवले, म्हणून हे परीक्षण पावसाळा संपल्यावरच लिहीत आहे.

विकत घेण्यापूर्वी आम्ही तीन गाड्या पाहिल्या. पहिली दिसायला सर्वांत देखणी होती. आत एसी, टीव्ही, गुळगुळीत लॅमिनेट, सारे काही होते. पण आरसी बुकात तिची नोंद साध्या मिनीबसचीच होती. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार परवानगीवाचून करता येत नाही, आणि विमाही नोंदीप्रमाणेच उतरवला जातो. ज्या गाडीत आपला सगळा संसार असणार, तिच्या आरसीवर आणि पॉलिसीवर कॅम्पर व्हॅन (म्हणजे राहण्याचे वाहन) अशी स्पष्ट नोंद नसेल तर ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या, कर्ज असल्यास ते फिटल्याचा फॉर्म ३५ या गोष्टी कोणताही एजंट करून देतो. नोंदीचा प्रकार मात्र आपणच वाचून पाहावा लागतो.

दुसऱ्या गाडीने आम्हाला जवळजवळ फसवले होते. आपल्या भागात २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत असंख्य वाहने बुडाली. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी मानतात आणि २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. त्यातल्या काही गाड्या धुऊन, रंगवून पुन्हा बाजारात येतात. या गाडीचा सीटबेल्ट मी सहज शेवटपर्यंत ओढला, तर एरवी गुंडाळलेल्या राहणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची तपकिरी रेघ होती. मग सीटखालचे स्क्रू पाहिले, ते गंजलेले निघाले, आणि डॅशबोर्डखालील वायरींच्या जोडांवर हिरवट थर चढलेला होता. विक्रेत्याने आम्हाला पुराबद्दल अवाक्षरही सांगितले नव्हते. जुनी विमा पॉलिसी मागून त्यावर नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल मिळणारी सवलत) शून्य का झाला, हे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

तिसरी गाडी आम्ही शिवाजी उद्यमनगरातल्या एका बॉडीकाम करणाऱ्या मिस्त्रींना बरोबर नेऊन पाहिली, आणि या साऱ्या खटाटोपात मी खर्च केलेला सर्वांत सार्थकी लागलेला पैसा म्हणजे त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी. मी इंजिनाचा आवाज ऐकत उभा होतो. त्यांनी बॉनेटकडे पाहिलेही नाही. ते थेट आत शिरले, छताचे चारही कोपरे बोटाच्या पेराने वाजवत गेले आणि पलंगाच्या डोक्याकडच्या कोपऱ्यात थांबून म्हणाले, "सर, हितं जरा अंगठ्यानं दाबून बघा." बाकी सगळीकडे टणक लागणारा प्लायवूड तिथे अंगठ्याखाली दबला आणि बाहेरून नीट दिसणाऱ्या लॅमिनेटमागून कुबट वास आला. वर चढून पाहिले तेव्हा सोलर पॅनेलच्या पायाशी जुन्या सीलंटला भेग पडलेली सापडली. पाणी तिथून शिरून आतल्या आत हातभर लांब उतरले होते.

इंजिन कोल्हापुरात कुठेही दुरुस्त होते, त्याचे सुटे भाग मिळतात, जाणते मेकॅनिकही मिळतात. बॉक्समध्ये, म्हणजे चासीवर बांधलेल्या राहत्या भागात, मुरलेले पाणी मात्र प्लायवूड, इन्सुलेशन आणि वायरिंग एकाच वेळी कुजवते, आणि दुरुस्तीसाठी आतले फर्निचर उतरवावे लागते. आमच्या बाबतीत कूज एकाच कोपऱ्यापुरती होती, म्हणून दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून आम्ही व्यवहार केला. गाडी पाहायला जाताना शक्य असेल तर पावसातच जावे. उन्हाळ्यात जावे लागले तर निदान तासभर छतावर पाइपने पाणी सोडून आत बसावे.

दुसरी बाब वजनाची. शिरोलीच्या वजनकाट्यावर गाडी रिकामी तोलली आणि आरसीवरील कमाल वजनातून तो आकडा वजा केला, तेव्हा आमच्या वाट्याला सुमारे ६०० किलो उरले. टाकीतले १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो, आम्हा दोघांचे मिळून १३०. राहिलेल्या ३२० किलोंत सिलिंडर, भांडी, धान्य, कपडे, अंथरुणे आणि माझी पुस्तके. पुस्तकांच्या तीन पेट्या भावाकडे ठेवाव्या लागल्या, याचे मला अजूनही वाईट वाटते. पण गगनबावड्याच्या पुढे करूळ घाट उतरताना जादा वजनाच्या गाडीचे ब्रेक तापू द्यायचे नसतील तर दुसरा उपाय नाही.

विजेचा हिशोब विक्रेते नेहमी उन्हाळ्यातला सांगतात. आमच्या गाडीत प्रत्येकी १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या होत्या, म्हणजे कागदावर ३.६ युनिट, त्यांतली निम्मीच वीज दररोज वापरावी, नाहीतर बॅटरीचे आयुष्य घटते. फ्रिज, दोन पंखे आणि दिवे मिळून आमचा रोजचा खर्च साधारण १.४ युनिट आहे. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि छतावरचे पॅनेल नावापुरते उरतात, त्यामुळे ही वीज जेमतेम सव्वा दिवस पुरे. राधानगरी रस्त्याला मेहुण्यांच्या मळ्यात पंधरा अँपिअरचा, अर्थिंग तपासलेला पॉइंट मिळाला नसता तर तो महिना निघणे कठीण होते. नंतर आम्ही २०० अँपिअर-अवरची एकच लिथियम बॅटरी बसवली. तीतून तितकीच, किंबहुना थोडी जास्त वीज वापरता येते आणि वजनही खूप वाचले. मात्र अल्टरनेटरवर ताण पडू नये म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (इंजिनाकडून बॅटरीकडे जाणारी वीज आवरून धरणारे यंत्र) घालावा लागला.

स्वयंपाकघराबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळती झालेला गॅस बाहेर जाण्यासाठी सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका ठेवलेला असतो. आमच्या गाडीतला झरोका आधीच्या मालकांनी धूळ येते म्हणून एम-सील लावून बुजवला होता, आणि त्याच ओट्यावर ते दोन वर्षे चहा करत होते. पहिल्याच दिवशी आम्ही तो छिन्नीने मोकळा केला आणि आतून बारीक जाळी लावली.

मांडणीत पलंग कायमचा आहे, हा या गाडीचा मोठा गुण. दिवसा टेबल आणि रात्री पलंग अशी रचना चार दिवस गमतीची वाटते, पण दररोज पहाटे अंथरूण आवरल्याशिवाय चहाला बसता येत नसेल तर साठीनंतर तो जाच होतो. सौ.ने पाहता क्षणी हाच निकष लावला होता आणि तिचेच खरे ठरले. कॅसेट शौचालय (मैल्याची टाकी बाहेर काढून नेता येते असे) स्वच्छ राहते; ते दोन दिवसांआड मेहुण्यांच्या शौचालयात रिकामे करतो. टायरचा चारअंकी कोड मी विकत घेताना पाहिला नाही, ही माझी चूक झाली: मागच्या टायरांवर २३१७ आहे, म्हणजे ते २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातले आहेत. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी कडेला बारीक चिरा पडल्या आहेत.

आधार, आरसी आणि विमा यांसाठी आमचा पत्ता भावाच्या घराचा आहे. पूर्णवेळ चाकांवर राहणाऱ्यांनी ही सोय आधी करावी. दुरुस्त केलेला कोपरा ऑगस्टच्या मुसळधार पावसातही कोरडा राहिला, आणि नव्या गाडीच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळालेल्या या घराबद्दल आम्ही दोघेही समाधानी आहोत. दिवाळीनंतर मागचे टायर बदलून गगनबावड्यामार्गे मालवणला जाणार आहोत.