रेवदंड्याची घरगुती खाणावळ: जेवायला नक्की जा, ते 'हिटलर'वाले रिव्ह्यू वाचून बेत रद्द करू नका

आधी जेवणाचं सांगतो. सुरमई थाळी घेतली, तुकडी जाड आणि ताजी, तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात, सोलकढी खऱ्या नारळाच्या रसाची. बोंबील फ्राय बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखे मऊ. सोबत अलिबागचा पांढरा कांदा, तो मागितला की परत मिळतो. जिताड्याचं कालवण हवं असेल तर आदल्या संध्याकाळी फोन करा, बाजारात आलं तरच मिळतं आणि स्वस्त नाहीये, पण रायगडात येऊन जिताडं खाल्लं नाही तर काय खाल्लं!

आता मुद्द्याचं. इथे यायच्या आधी मी याच खाणावळीचे रिव्ह्यू वाचले आणि खरंच वाईट वाटलं. एकाने लिहिलंय काकू म्हणजे हिटलर, का तर जुलैमध्ये पापलेट मागितलं आणि नाही म्हणाल्या. अरे 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ असतो तो, दरवर्षी असतं हे. काकू म्हणाल्या, "बोट समुद्रात जात नाही तर पापलेट आणू कुठून, बर्फातलं जुनं वाढू का तुम्हाला?" बरोबरच आहे ना. दुसऱ्याने लिहिलंय अडीचला दार लावून घेतलं, आम्ही पोरांना घेऊन बाहेर उन्हात, अगदी जालियनवाला बाग. हे वाचून माझं डोकंच फिरलं. 13 एप्रिल 1919 ला त्या बागेत अडकलेल्या निःशस्त्र लोकांवर 1650 फैरी झाडल्या होत्या, इंग्रजांचा सरकारी आकडासुद्धा 379 मृतांचा आहे, आणि आपण तो शब्द थाळी संपली म्हणून वापरतोय?

माईक गॉडविन म्हणून एक अमेरिकन वकील आहे, त्याने 1990 मध्येच म्हणून ठेवलंय की ऑनलाइन वाद जेवढा लांबत जाईल तेवढी कोणीतरी हिटलर नाहीतर नाझींना मध्ये आणण्याची शक्यता वाढत जाते आणि शेवटी ते होतंच. आता याचा अर्थ कुणालाच नाझी म्हणू नये असा नाही हां. 2017 मध्ये अमेरिकेत शार्लट्सव्हिलला लोक खरोखर नाझी झेंडे घेऊन रस्त्यावर उतरले तेव्हा गॉडविन स्वतःच म्हणाला की यांची तुलना नाझींशी खुशाल करा. शब्द अशा वेळेसाठी शिल्लक राहायला हवा एवढंच माझं म्हणणं आहे. नाझींनी ऑशविट्झच्या एकाच छावणीत साधारण 11 लाख माणसं मारली, त्यात 10 लाखांच्या आसपास ज्यू. आणि आपण हे लिहितोय कुठे, तर या पट्ट्यात जिथे बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू लोक, पिढ्यानपिढ्या राहिले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले गेले, घरात मराठी बोलले. अलिबागला इस्रायल आळी आहे, रेवदंड्यात त्यांचं सिनेगॉग आहे. त्यांच्या गावात उभं राहून मासे नाहीत म्हणून कुणाला हिटलर म्हणायचं, मला नाही जमत.

बरं यात नुकसान गिऱ्हाइकाचंच होतं. एक रिव्ह्यू होता, एसी खोलीत बसलो तर बिलात वेगळा चार्ज लावला, आधी कुठेच लिहिलं नव्हतं. तक्रार शंभर टक्के खरी! पण भाऊंनी सुरुवातच केली "औरंगजेबाचा जिझिया" अशी, मग खाली कोण म्हणतंय जिझिया 1679 ला परत लावला, कोण म्हणतंय आमच्या इतिहासाचा अपमान करू नका, कोण एकमेकांच्या जाती काढतंय, आणि एसीचा चार्ज राहिला बाजूला. काकूंच्या मुलाने उत्तर दिलं तेही जिझियावरच, रागाने, चार्जबद्दल एक ओळ नाही. मी जेवून झाल्यावर काकूंना शांतपणे सांगितलं की काकू, तुमचा चार्ज बाहेर लिहिलेला नाहीये, लोकांना बिल बघून धक्का बसतो. त्यांनी लगेच मुलाला हाक मारली आणि खडू घेऊन बोर्डावर लिहायला लावलं, माझ्यासमोर.

माझ्याही तक्रारी आहेत, त्या अशा. हात धुवायच्या जागी फरशी सतत ओली असते, म्हाताऱ्या माणसांना धरून न्यावं लागतं, तिथे रबरी मॅट टाकाच. कार्ड चालत नाही, आणि आत रेंज नसल्यामुळे जीपे करायला बाहेर अंगणात यावं लागतं, सुटे पैसे ठेवा. शाकाहारी थाळीत डाळ पातळ होती आणि भाजी एकच, तिथे अजून मेहनत हवी. गाडी लावायला जागा कमी, बाजारातल्या गल्लीत कोंडी होते.

शिळं वाढलं, बिल चुकवलं, उद्धट बोलले, जे झालं असेल ते तारीख आणि पदार्थासकट लिहा की, काकू वाचतात, मुलगा वाचून दाखवतो त्यांना. हिटलरवाला रिव्ह्यू पण वाचून दाखवला होता, त्यानंतर त्या किती दिवस गल्ल्यावर बसल्याच नाहीत असं तो म्हणाला.

पाचपैकी चार स्टार, एक कापला तो ओल्या फरशीचा आणि डाळीचा. रविवारी एकच्या आत पोचा, नंतर सुरमई संपते. जून-जुलैत गेलात तर सुकट, अंडाकरी आणि वालाचं बिरडं मागा, बिरडं तर फार सुंदर करतात.