बांधकामाच्या साइटवर कोणता मास्क: व्हॉल्व्हचा की बिनव्हॉल्व्हचा?

दोन्ही एन९५ दर्जाचे असतील तर ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतात. फरक पडतो तो श्वास सोडताना. व्हॉल्व्ह म्हणजे श्वास बाहेर सोडायची झडप; त्यातून हवा न गाळताच बाहेर जाते. त्यामुळे उकडत कमी, आणि एकट्याने टाइल कापायला तो बराच. पण साथीच्या आजाराने बाधित कामगाराने तो घातला तर शेजारच्याला काय उपयोग? शिवाय सिमेंटचा कण व्हॉल्व्हच्या पडदीखाली अडकला की ती नीट मिटत नाही, धूळ सरळ आत येते.

साथीत स्लॅब, सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार), मटेरियल लिफ्ट अशा खांद्याला खांदा लागणाऱ्या कामांवर बिनव्हॉल्व्हचाच द्यावा. तो घामाने लवकर भिजतो. ओला झाला किंवा श्वास जड वाटू लागला की बदलायचा, म्हणून माणशी जादा नग हवेत. दाढी वाढलेली असेल तर मात्र दोन्ही कडेने गळतात.