किनारा शिकवायला शिकवणारी कार्यशाळा: एका विज्ञान शिक्षिकेचा अभिप्राय

सागरी संवर्धनावरची शिक्षक-प्रशिक्षणं मी आधीही केली आहेत. बहुतेक ठिकाणी दिवसभर स्लाइड्स बघायच्या आणि निघताना पोस्टर स्पर्धेची कल्पना घेऊन यायचं. ही कार्यशाळा वेगळी निघाली, म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात जमलेला भाग खडकाळ किनाऱ्यावरचा. प्रत्येक गटाला प्लास्टिकच्या पाइपची चौकट दिली, अर्धा मीटर लांब आणि तेवढीच रुंद. ती खडकावर ठेवायची आणि आत जे जे दिसेल ते मोजायचं. दोन गटांनी एकच चौकट मोजली, तरी बार्नेकलचे (खडकाला चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचधारी जीवांचे) आकडे बरेच वेगळे आले. बरोबर कोण, हे प्रशिक्षक बाईंनी सांगितलंच नाही. "रिकामी कवचं धरलीत का?" एवढंच विचारलं. मग आम्हीच वाद घालून नियम ठरवला: आतली झडप मिटलेली दिसेल तोच जिवंत. चौकटीच्या कडेवर बसलेले दोन बाजूंचे धरायचे, दोन बाजूंचे सोडायचे. नियम आधी ठरवल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही, हे सातवीच्या वर्गाला फळ्यावर पटवणं किती अवघड जातं, शिकवणाऱ्यांना माहीत आहे. दगड उचलला तर अलगद उचलायचा आणि होता तसाच परत ठेवायचा, हेही तिथेच शिकवलं. उलटा राहिला तर खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात वाळून मरतात.

भरती-ओहोटीचं सत्र प्रत्येक शाळेच्या वेळापत्रक समितीने ऐकावं असं होतं. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे या सोमवारी सकाळी आठला ओहोटी असेल, तर पुढच्या सोमवारी त्याच वेळी जवळजवळ पूर्ण भरती. दर आठवड्याला किनाऱ्याचा तास लावणाऱ्या शाळेच्या निम्म्या फेऱ्या वाया जातात. तास पंधरवड्याने लावावा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, कारण तेव्हा पाणी सर्वांत खाली जातं. ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं, पाणी फिरलं की मुलांना वर घ्यायचं. तेव्हाच भरतीही मोठी असते, त्यामुळे इथे ढिलाई नको.

स्वच्छता मोहिमेकडे बघायची माझी नजर बदलली. दर सप्टेंबरला होणारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता 1986 साली टेक्सासमध्ये सुरू झाली, तेव्हापासून त्यात कचरा उचलण्याइतकंच नोंदीलाही महत्त्व आहे. झाकणं किती, सिगारेटची थोटकं किती, जाळ्याचे तुकडे किती. नुसत्या पोत्यांसोबत फोटो काढून मुलांना काहीच कळत नाही. नोंद असली की "हे येतं कुठून?" हा प्रश्न त्यांचा होतो. लहान वर्गांना जाळ्यात गुदमरलेल्या कासवाचे फोटो आधी दाखवू नका, आधी जिवंत खेकडा बघू द्या, हा सल्ला मला मनापासून पटला. घाबरलेलं मूल समुद्रापासून लांब जातं.

उणिवा आहेत. आम्लीकरणाचा, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकण्याचा, विषय शेवटी घाईत उरकला. ब्रोमोथायमॉल ब्लू (आम्ल ओळखणारा रंग) घातलेल्या पाण्यात नळीने फुंकर मारली की निळं पाणी पिवळं होतं, हा प्रयोग बाईंनी एकट्यांनी करून दाखवला. तो आमच्या हातून करून घ्यायला हवा होता. समुद्रापासून दूरच्या शाळांसाठी तर जवळपास काहीच नव्हतं. ओढ्या-नाल्यातलं प्लास्टिक आणि शेतातलं खत शेवटी समुद्रातच जातं, त्यामुळे त्या शिक्षकांसाठी पूर्ण सत्र हवं. कार्यशाळेनंतर पाठपुरावा करू असं सांगितलं होतं, पण एकही फोन आला नाही. वर्गात अडतो तेव्हाच आधार लागतो, ही कमी मला सर्वांत जास्त बोचली.

तरीही विज्ञान आणि भूगोल शिकवणाऱ्यांनी जरूर जावं, शक्यतो एका शाळेतून दोघांनी, कारण तीस मुलं किनाऱ्यावर एकट्याला सांभाळता येत नाहीत. नाव नोंदवण्याआधी एक विचारून घ्या: तारखा भरतीचं कोष्टक बघून ठरवल्या आहेत का? नसतील तर पुढची तुकडी धरा.